गुंजी नेमकी कुठली? संगणकाच्या बंद पडलेल्या लोकेशनचा आढावा

मे महिन्याची दुपार होती. गुंजीत फणस पिकून घमघमत होते, पंखा नुसता गरम वारा ढवळत होता, आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं हवामान सांगत होतं की गुंजीत आज शाल पांघरावी इतकी थंडी आहे. थोडा वेळ गंमत वाटली. मग लक्षात आलं, ही गुंजी आपली, म्हणजे कर्नाटकात खानापूर तालुक्यातली, नव्हे. उत्तराखंडात पिथोरागड जिल्ह्यात, कैलास-मानसरोवरच्या वाटेवर, दहा हजार फुटांहून जास्त उंचीवर दुसरी एक गुंजी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंतप्रधान तिथं जाऊन आले, तेव्हापासून तर तिचं नाव जास्तच झालं. लॅपटॉपचं लोकेशन बंद होतं म्हणून मी गावाचं नाव हातानं टाइप केलं होतं, आणि यादीत वर आलेल्या गुंजीवर न बघता टिचकी मारली होती.

लोकेशन चालू करायला सेटिंग्जमध्ये गेलो तर बटण राखाडी. कितीही दाबलं तरी हलेना. वर बारीक अक्षरांत इंग्रजी ओळ, जिचा अर्थ असा की यातल्या काही गोष्टी तुमची संस्था सांभाळते. माझी कसली संस्था? घरात मी, बायको आणि एक मांजर.

आमच्या भागात अशा वेळी एकच निदान ऐकू येतं. लॅपटॉप खानापुरात न्या, बेळगावात न्या, निपाणीच्या पाहुण्याला फोनवर विचारा. "लोकेशन ऑन होईना झालंय" एवढं म्हणेपर्यंत समोरून उत्तर येतं, "फॉरमॅट मारायला लागतंय." डोकं दुखतंय म्हणून टक्कल करण्यातला प्रकार. फोटो गेले, टॅलीचा डेटा गेला, मराठी टायपिंगचे फॉन्ट गेले, आणि इतकं करून चार दिवसांनी लोकेशन पुन्हा बंद, कारण ज्यानं ते बंद केलं होतं तोच पेनड्राइव्हमधून परत आला. तेव्हा या प्रश्नाचा एकदा नीट आढावा घ्यावा असं वाटलं. आढाव्याअंती माझं मत झालंय ते आधीच सांगतो: संगणकाचं लोकेशन आपोआप क्वचितच बिघडतं, ते बहुतेक वेळा कोणीतरी बंद केलेलं असतं. मालकानं, एखाद्या कंपनीच्या आयटीवाल्यानं, एखाद्या 'प्रायव्हसी' टूलनं, किंवा विंडोज भरून देणाऱ्यानं. कोणी बंद केलं ते कळलं की उरलेलं काम चहा निवायच्या आत होतं.

टेबलावर बसून असलेल्या यंत्राला आपला पत्ता कशाला ठाऊक हवा, असं कुणी विचारेल. दहा वर्षांपूर्वी मीही विचारलं असतं. आता कारणं वाढलीत. सगळ्यात मोठं कारण बँकेचं. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओवरून केवायसी करायला परवानगी दिली आणि त्यात ग्राहक भारतातच बसलाय याची खात्री करण्यासाठी त्याचं त्या क्षणाचं लोकेशन नोंदवणं बंधनकारक केलं. मे २०२१ मध्ये नियम आणखी आवळले: परदेशातल्या किंवा बनावट आयपी पत्त्यावरून आलेली जोडणी यंत्रणेनं रोखली पाहिजे. त्यामुळे लॅपटॉपवरून व्हिडिओ केवायसीला बसलेल्या माणसाचं लोकेशन बंद असेल, तर समोरचा अधिकारी बोलायला लागण्याआधीच पडदा अडतो. दुसरं कारण डिजिपिन. टपाल खात्यानं मे २०२५ मध्ये आणलेला हा दहा अक्षर-अंकांचा पत्ता साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला मिळतो. स्वतःचा डिजिपिन काढायला ब्राउझर तुमचं लोकेशन मागतो. वाडीवस्तीवरच्या लोकांना त्याचा उपयोग शहरापेक्षा जास्त होईल, कारण आमच्याकडे घराचा पत्ता म्हणजे 'देवळाच्या मागं, आंब्याच्या झाडाजवळ' असाच असतो. हरवलेला लॅपटॉप शोधणं, टाइमझोन आपोआप बदलणं, हवामान ही बाकीची कारणं. टाइमझोनचं आपल्याला काय, सगळा देश एकाच घड्याळावर. पण दुबईहून किंवा लंडनहून सुटीवर आलेल्या मुलांच्या लॅपटॉपवर लोकेशन बंद असलं की मीटिंगच्या वेळा कशा हुकतात, ते ज्यांच्या घरात अशी मुलं आहेत त्यांना विचारा.

आता मुळाशी जाऊ. आपल्याकडच्या बहुतेक लॅपटॉपांत आणि जवळजवळ सगळ्या डेस्कटॉपांत जीपीएसची चिप नसते. सिमकार्ड बसणाऱ्या काही महाग लॅपटॉपांत ती असते, बाकीच्यांना आकाशातले उपग्रह ऐकूच येत नाहीत. मग संगणक स्वतःची जागा ओळखतो कशावरून? शेजाऱ्यांवरून. आसपासच्या वायफाय राउटरांची नावं आणि त्यांचे ठरावीक क्रमांक तो गोळा करतो, ते मायक्रोसॉफ्टच्या, गूगलच्या किंवा ॲपलच्या सर्व्हरला विचारतो, आणि सर्व्हर सांगतो की हे राउटर आम्हाला अमक्या चौकात दिसले होते, म्हणजे तू तिथंच कुठंतरी आहेस. ही युक्ती बोस्टनच्या स्कायहुक नावाच्या कंपनीनं २००३ पासून रुजवली. गाड्या फिरवायच्या, राउटर टिपायचे, नकाशावर मांडायचे. जानेवारी २००८ मध्ये आयफोनला आपली जागा पहिल्यांदा समजली ती स्कायहुकच्याच वहीवरून. पुढं ॲपलनं आणि गूगलनं आपापल्या वह्या केल्या. गूगलच्या स्ट्रीट व्ह्यू गाड्या राउटरांच्या क्रमांकांबरोबर लोकांच्या नेटवरचा मजकूरही टिपत होत्या, हे २०१० मध्ये उघड झालं आणि जगभर गदारोळ झाला. मोझिलानं सगळ्यांसाठी खुली अशी वही २०१३ मध्ये सुरू केली होती, ती २०२४ मध्ये मिटली.

वायफायची यादी मिळाली नाही तर उरतो आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीनं तुम्हाला दिलेला क्रमांक. तो कुठल्या गावाला जोडायचा हे त्या कंपनीच्या नोंदींवर अवलंबून. म्हणून गुंजीत बसलेला संगणक कधी बेंगळुरूत असतो तर कधी मुंबईत, आणि जाहिराती त्या त्या भाषेत येत राहतात.

जागा मोजणं ही एकेकाळी आयुष्यभराची नोकरी होती, हे इथं आठवतं. विल्यम लॅम्टननं १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळीनं पहिली आधाररेषा मोजली आणि भारताची त्रिकोणमितीय मोजणी उत्तरेकडे चालवत आणली. १८२३ मध्ये तो वारला तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, काम अर्धवट सोडून. त्याची कबरही तिथंच आहे. आणि आम्ही, लोकेशनचा गोल दोन सेकंद जास्त फिरला तरी 'च्च' करतो.

तर गुंजीसारख्या गावात अडचण दुहेरी आहे. लोकेशन बंद असलं तर ते चालू करायचं, आणि चालू झालं तरी आसपास राउटर मोजून चार. त्यांतलेही दोन वीज गेल्यावर बंद. पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये लॅपटॉपला तीस राउटर दिसतात, इथं रानाकडच्या वस्तीवर एकही दिसत नाही. तालुक्याच्या पश्चिमेला, भीमगड अभयारण्याच्या कडेच्या गावांत तर मोबाइलची रेंजही झाडावर चढून शोधावी लागते. लोकेशन दुरुस्त केलं आणि तरी खूण खानापुरात पडली, तर यंत्राला दोष देऊ नका. त्याला ऐकू येईल एवढंच ते सांगतं.

आता मुख्य कामाकडे. बंद झालेलं लोकेशन म्हणजे एक बटण नव्हे. ती एकामागे एक अशी दारं आहेत, आणि कुठलंही एक बंद असलं तरी शेवटी संदेश एकच दिसतो. म्हणून बाहेरून आत यावं.

सगळ्यात बाहेरचं दार ब्राउझरचं. क्रोमनं २०१६ पासून असुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएस नसलेल्या साइटला लोकेशन द्यायचंच बंद केलं. जुनाट साइट असेल तर तिथंच विषय संपला, तुमच्या संगणकात काही बिघडलेलं नाही. साइट सुरक्षित असेल तर पत्त्याच्या पट्टीतल्या डाव्या चिन्हावर टिचकी मारून लोकेशनची परवानगी बघा. घाईघाईत एकदा 'ब्लॉक' दाबलेलं असतं आणि ब्राउझर ते इमानदारीनं लक्षात ठेवतो. पुन्हा विचारत नाही. मी पाहिलेल्या 'बिघाडां'पैकी निम्मे याच दारात सुटले.

दुसरं दार विंडोजचं स्वतःचं. सेटिंग्ज, त्यात प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात लोकेशन. तिथं एक नव्हे, तीन खटके असतात: पूर्ण यंत्राचा, ॲप्सचा, आणि खाली सरकल्यावर दिसणारा डेस्कटॉप ॲप्सचा. क्रोम आणि फायरफॉक्स या तिसऱ्या खटक्याखाली येतात, आणि लोक वरचे दोन चालू करून उठून जातात. पूर्ण यंत्राचा खटका बदलायला ॲडमिनिस्ट्रेटर खातं लागतं. मुलांसाठी काढलेल्या साध्या खात्यावरून बघत असाल तर तो राखाडीच दिसणार. एवढ्यावरून फॉरमॅट मारलेली यंत्रं मी पाहिली आहेत.

विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून एक नवं वळण आलं. आता आसपासच्या वायफायची यादी वाचायलाच प्रोग्रामला लोकेशनची परवानगी लागते, कारण ती यादी म्हणजे पत्ताच. नियम योग्य आहे. पण त्याचा परिणाम असा की लोकेशन बंद ठेवलं की वायफायचे सिग्नल तपासणारी जुनी टूल्स मुकी होतात, आणि माणूस राउटर बदलायला निघतो.

तिसरं दार यंत्राच्या अंगाचं. विमानातला मोड चालू राहिलाय का? वायफाय बंद करून मोबाइलची केबल लावलीय का? डेस्कटॉपला मुळात वायफाय कार्ड आहे का? खेड्यातल्या कितीतरी कार्यालयांत आणि सेवा केंद्रांत लॅनच्या वायरीवर चालणारे डेस्कटॉप आहेत. त्यांना शेजारचा एकही राउटर दिसत नाही, त्यामुळे सगळे खटके चालू असूनही जागा सापडते ती इंटरनेट कंपनीच्या शहराची. काहीशे रुपयांचा यूएसबी वायफाय डोंगल लावला की फरक पडतो. नेटसाठी तो वापरायचाही नाही, नुसता ऐकायला ठेवायचा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की फोनला जीपीएस असलं तरी हॉटस्पॉटमधून फोन फक्त नेट देतो, आपली जागा सांगत नाही.

चौथं दार सर्व्हिसचं. विंडोजमध्ये 'जिओलोकेशन सर्व्हिस' नावाचं एक पडद्यामागचं काम चालतं, आतलं नाव एलएफएसव्हीसी. रन उघडून सर्व्हिसेस डॉट एमएससी टाका आणि यादीत ती शोधा. तिची मूळ स्थिती 'मॅन्युअल' असते, गरज लागली की ती उठते आणि काम झालं की निजते. तिथं 'डिसेबल्ड' लिहिलेलं असेल तर कोणीतरी मुद्दाम तिला झोपेचं औषध दिलंय. मॅन्युअल करा, सुरू करा, यंत्र एकदा बंद करून चालू करा. या सर्व्हिसबद्दल एक जुना उपाय अजून व्हिडिओंतून फिरतो: रजिस्ट्रीत जाऊन तिच्या ट्रिगरइन्फोखालची '३' नावाची की उडवा. विंडोज १० च्या सुरुवातीच्या काळात त्याचा काहींना उपयोग झाला होता. आज तो उपाय आधी करणं म्हणजे सर्दीला ऑपरेशन. आणि करायचाच असेल तर ती की आधी एक्सपोर्ट करून ठेवा.

पाचवं दार सगळ्यात आतलं, आणि माझ्या लॅपटॉपवरच्या त्या 'संस्थे'चा उलगडा इथंच झाला. विंडोजमध्ये कंपन्यांसाठी धोरणांची सोय असते, तिला ग्रुप पॉलिसी म्हणतात. शंभर-दोनशे यंत्रं एका फटक्यात बांधून ठेवायची, तर प्रत्येकाची सेटिंग्ज कोण बदलत बसणार? म्हणून वरून हुकूम सोडायचा: लोकेशन बंद. हुकूम असला की खटका राखाडी होतो आणि 'तुमची संस्था' ही ओळ येते. विंडोज प्रो असेल तर रनमध्ये जीपीएडिट डॉट एमएससी टाकून कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनन्ट्स, लोकेशन अँड सेन्सर्स या वाटेनं आत जावं. तिथं 'टर्न ऑफ लोकेशन' आणि आतल्या कप्प्यात 'टर्न ऑफ विंडोज लोकेशन प्रोव्हायडर' असे हुकूम सापडतात. ते 'नॉट कॉन्फिगर्ड' करावेत. शब्दांची फसगत इथं मोठी आहे: 'टर्न ऑफ लोकेशन' ला 'एनेबल' केलं की लोकेशन बंद होतं. घाईत असलेला माणूस 'एनेबल' दिसलं की खूश होऊन तेच दाबतो.

विंडोज होममध्ये जीपीएडिट नसतं. तिथं हाच हुकूम रजिस्ट्रीत, लोकल मशीनच्या सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज या वाटेवर 'लोकेशनअँडसेन्सर्स' नावाच्या फोल्डरात बसलेला असतो. 'डिसेबललोकेशन' नावाची नोंद आणि तिच्यापुढे १ असेल तर चोर सापडला. ती नोंद काढली, यंत्र पुन्हा सुरू केलं, की राखाडी खटका उजळतो. माझा उजळला.

पण हा हुकूम घरच्या यंत्रात येतो कुठून? तीन वाटा मला दिसल्या. पहिली, जुना लॅपटॉप. मोठ्या शहरांतल्या कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप विकून टाकतात, ते झाडूनपुसून आपल्याकडच्या दुकानांत येतात, आणि कधी कधी जुन्या कंपनीचे नियम तसेच घेऊन येतात. बाहेरून धुतलेलं भांडं, आतला वास कायम. माझा लॅपटॉप असाच घेतलेला. दुसरी वाट, कॉलेजचा किंवा ऑफिसचा ईमेल. वर्ड किंवा टीम्समध्ये त्या ईमेलनं शिरताना एक चौकोन येतो की संस्थेला हे यंत्र सांभाळू द्यायचं का, आणि खूण आधीच केलेली असते. मुलगा 'ओके' म्हणतो, आणि घरच्या लॅपटॉपला संस्था मिळते. सेटिंग्जमध्ये अकाउंट्सखाली 'ॲक्सेस वर्क ऑर स्कूल' इथं ते खातं दिसतं. शिक्षण संपलं असेल तर तिथून तोडता येतं. यंत्र खरोखर ऑफिसचं असेल तर मात्र या सगळ्याला हात लावू नये. तो हुकूम ज्याचा, त्यालाच विचारावं.

तिसरी वाट आपल्या भीतीची. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं तेव्हा ते हेरगिरी करतं अशी हवा झाली, ती अगदीच निराधार नव्हती, आणि त्यातून 'एका टिचकीत सगळं बंद' करणारी टूल्स निघाली. ती लोकेशन नुसतं बंद करत नाहीत, पॉलिसीतून बंद करतात, सर्व्हिसही डिसेबल करतात, आणि मग टूल काढून टाकलं तरी हुकूम मागं राहतात. त्यातलं बरं टूल आपण काय बदललं ते उलटवूनही देतं. म्हणून दुरुस्तीचा पहिला प्रयत्न त्याच टूलमधून करावा.

आणि सगळ्यांत अवघड केस 'लाइट' विंडोजची. जुन्या यंत्रावर हलकं पडावं म्हणून कोणी अनोळखी माणूस विंडोज कापून देतो. त्यात लोकेशनची सर्व्हिस बंद केलेली नसते, ती उपटूनच काढलेली असते. यादीत तिचं नावच नाही. इथं रजिस्ट्री, पॉलिसी, व्हिडिओ काही चालत नाही. नसलेला दात दुखत नाही तसा तो भरताही येत नाही. मूळ विंडोज आणून बसवणं हाच उपाय, आणि फॉरमॅटवाल्याचं मी मान्य करतो ते एवढ्याच जागी. फक्त त्यानं पुन्हा तीच पेनड्राइव्ह लावू नये.

बाकीच्या उपायांबद्दल थोडक्यात. फायली बिघडल्याची शंका असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एसएफसी स्कॅननाऊ चालवायला हरकत नाही. वेळ जातो, नुकसान होत नाही. त्यानंही भागलं नाही तर आपल्या फायली आणि प्रोग्राम तसेच ठेवून विंडोज वरून पुन्हा बसवता येतं, आणि हे फॉरमॅटपेक्षा शंभर पटींनी शहाणपणाचं. 'लोकेशन फिक्सर' नावाची फुकटची सॉफ्टवेअर्स घेऊ नका. एक खटका उघडायला घरात चोर घ्यावा लागत नाही. यूएसबी जीपीएसची हौस असलेल्यांना सांगायला हवं की बाजारात मिळणारे बरेचसे रिसीव्हर जुन्या पद्धतीनं सिरियल पोर्टवर बोलतात. नकाशाचं सॉफ्टवेअर त्यांचं ऐकतं, पण विंडोजचं लोकेशन योग्य ड्रायव्हरशिवाय ऐकत नाही. पैसे खर्चून खूण तिथंच.

मॅकवाल्यांचं दुखणं कमी. सिस्टीम सेटिंग्जमध्ये लोकेशन सर्व्हिसेस चालू, वायफाय चालू, ब्राउझरच्या नावापुढची खूण चालू, संपलं. वायफाय बंद ठेवून वायरीवर चालवणारे तेवढे अडतात. लिनक्सवर हे काम जिओक्लू नावाचा घटक करतो, आणि तो मोझिलाच्या त्या वहीवर विसंबून होता. २०२४ मध्ये वही मिटली तेव्हा कितीतरी लिनक्स यंत्रांचं लोकेशन एका दिवसात आंधळं झालं. वापरणाऱ्यानं काहीही बदललेलं नसताना बिघाड झाल्याचं हे मला माहीत असलेलं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण, म्हणजे माझ्याच मताला अपवाद. तिथं नवी आवृत्ती घेणं हा उपाय. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्या यंत्रांवर वरचे सगळे उपाय चालतात, पण बँकेच्या कामाला आता ती यंत्रं वापरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

लोकेशन चालू करावंच का, हा प्रश्न मात्र राहतो. आमच्या भागात 'तुम्ही कुठले?' हा साधा प्रश्न कधीच नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून या सीमाप्रश्नावर मोर्चे निघाले, १९६७ मध्ये त्यावर महाजन आयोगाचा अहवाल आला, आणि या सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावी झालं, घरात आम्ही बेळगावच म्हणतो. निपाणीकडे सीमेलगत फोन कधी इकडचा टॉवर पकडतो, कधी कागल-कोल्हापूरकडचा, आणि रोमिंगचे पैसे कापले जायचे त्या काळात खिशातला फोन दिवसातून चारदा राज्य बदलायचा. संगणकाला यातलं काही कळत नाही. त्याच्या लेखी गुंजी म्हणजे साडेपंधरा अंश उत्तर आणि साडेचौऱ्याहत्तर अंश पूर्व यांच्या आसपासचा एक ठिपका. या कोरडेपणाचा मला कधी कधी आधारही वाटतो. पण तोच ठिपका रोजच्या रोज कोणाच्या तरी सर्व्हरवर साठत राहतो, हेही खरं. म्हणून माझी पद्धत अशी: पूर्ण यंत्राचा खटका चालू, ॲप्सच्या यादीत हवामान सोडून सगळे बंद, ब्राउझरसाठी डेस्कटॉप ॲप्सचा खटका चालू, आणि ब्राउझरमध्ये साइटनं प्रत्येक वेळी विचारायचं. त्याच पानावर अलीकडे कोणी लोकेशन मागितलं याची यादी दिसते, ती महिन्यातून एकदा वाचावी. पत्ते खेळायच्या ॲपला माझा पत्ता कशाला हवा होता, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आपला राउटरच कंपन्यांच्या वहीत नको असेल तर त्याचीही सोय आहे. वायफायच्या नावाच्या शेवटी इंग्रजीत अंडरस्कोर आणि 'नोमॅप' लिहिलं की गूगल तो राउटर नोंदवत नाही. मायक्रोसॉफ्टसाठी अंडरस्कोर आणि 'ऑप्टआउट' नावात कुठंही चालतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण राउटरचं नाव बदलायला दोन मिनिटं पुरतात. अर्थात गुंजीत मी ते केलेलं नाही. गावात राउटर चार, त्यांतला एक वहीतून काढला तर शेजाऱ्याच्या लॅपटॉपला गाव सापडायचं कसं?

गुंजीच्या रेल्वे स्टेशनावर पाटी आहे. खानापूर सोडून लोंढ्याकडे निघालेली गाडी तिथं थांबो न थांबो, पाटीवर गावाचं नाव कन्नड, देवनागरी आणि रोमन अक्षरांत, आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. त्या पाटीला कोणाची परवानगी लागत नाही. संगणकालाही अशी पाटी देता येत असे, आणि खेड्यातल्या वायरीवरच्या डेस्कटॉपसाठी मला ती सगळ्यांत उपयोगी वाटायची: विंडोजच्या लोकेशनच्या पानावरच 'डिफॉल्ट लोकेशन' होतं. तिथं 'सेट डिफॉल्ट' दाबून विंडोजच्या नकाशा ॲपमध्ये आपल्या घरावर खूण ठेवायची. यंत्राला स्वतःहून नेमकी जागा सापडली नाही तर ते ही खूण वापरायचं. पण ते नकाशा ॲप मायक्रोसॉफ्टनं २०२५ मध्ये बंद केलं, त्यामुळे या पाटीवर आता विसंबू नये.

बँकेच्या व्हिडिओ केवायसीला बसायचं असेल तर मात्र लॅपटॉप बाजूला ठेवा आणि फोन घेऊन अंगणात या, कारण जीपीएस त्यातच आहे. आणि हवामानासाठी गावाचं नाव हातानं टाकणार असाल तर पुढं राज्य कोणतं लिहिलंय ते वाचूनच निवडा. कर्नाटकातली गुंजी यादीत दिसली नाही तर सरळ खानापूर टाका. पाऊस तोच आहे.